नाव नसलेली नोंद

आक्का आधी हात बघायच्या, तोंड नंतर.

कुणी घाबराघुबरा होऊन त्यांच्या टेबलापाशी गेला, की "आक्का, फाइल गेली" हे त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हात कुठं हाईत?" मग त्याला त्याच्याच खुर्चीत बसवून दोन्ही हात मांड्यांखाली घालायला लावायच्या. "बस हातावर. मी सांगीपतोर काढायचे न्हाईत." चाळिशीतले, दोन-दोन मुलांचे बाप असलेले इंजिनिअर असे हातांवर बसलेले मी पाहिले आहेत. मीही बसलो आहे, आणि एकदाच नव्हे.

"गेलेलं लई लांब गेलेलं नसतंय," त्या म्हणायच्या. "मागनं आपण हात फिरवतो न्हवं, त्यानं जातंय."

तुम्ही म्हणाल, प्रत्येक ऑफिसात असं एक माणूस असतंच. असतं की. पण मी माणसांना नावं ठेवण्यात पटाईत आहे, हे माझी बायकोही सांगेल, आणि तरी या बाईंना ठेवायला मला नीटसं नाव सापडलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचा कारखाना उद्यमबागेत, सीमाभागातल्या औद्योगिक वसाहतीत. खाली ओतकामाची भट्टी, शेजारी मशीन शॉप, आणि जिना चढून गेलं की एका लांबट खोलीत आम्ही पाच जण कॉम्प्युटरवाले. मशीनना लागणारे प्रोग्रॅम, ड्रॉइंगं, मापं, सगळं आमच्याकडे. खालच्यांना वाटायचं, हे वर बसून नुसता पंखा खातात. आम्हाला वाटायचं, हे खाली नुसता आवाज करतात. मालक रोज अकराच्या सुमाराला जिना चढून यायचे आणि दारातूनच कन्नडात विचारायचे, "एन आयतु?" म्हणजे काय झालं. काही झालेलं नसलं तरी हेच विचारायचे.

आमचं सगळं काम गिट नावाच्या व्यवस्थेत ठेवलेलं असायचं. जिचा तुमच्याशी संबंध आला नसेल तिच्याबद्दल चार ओळी सांगतो. काम थोडं पुढं गेलं की त्याची नोंद करायची आणि सोबत एक ओळ लिहायची. अशी नोंदीला नोंद जोडत माळ तयार होते, आणि केव्हाही मागं जाऊन कुठल्याही दिवसाचं काम पाहता येतं. वेगळ्या कामाची वेगळी माळ, तिला ब्रँच म्हणतात, आणि तिला एक नाव द्यायचं. या सगळ्या माळा कोपऱ्यातल्या सर्व्हरवर राहायच्या. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

त्या एका ओळीवरून आक्कांचं नि आमचं रोज वाजायचं. आम्ही काय लिहायचो? 'अपडेट'. 'फायनल'. 'फायनल दोन'. 'आता तरी'. आक्का ते मोठ्यानं वाचून दाखवायच्या, चार लोकांत. "ही काय नोंद झाली व्हय रं? म्हयन्यानं तुझं काम तुलाच वळखायचं न्हाय." त्यांचा दंडक होता: काय केलं ते लिहायचं, आणि का केलं तेही लिहायचं. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, पण 'का' राहिला तर त्या परत लिहायला लावायच्या.

दुसरा दंडक असा, की झालेली नोंद मागं जाऊन बदलायची नाही. गिटमध्ये तशी सोय आहे. चुकलेल्या नोंदीच्या जागी गपचूप दुसरी बसवता येते, आणि वरवर पाहणाऱ्याला पहिली कधी होती हे कळतसुद्धा नाही. आम्ही ते सर्रास करायचो. आक्कांना ते खपायचं नाही. "चुकलास तर खाली दुसरी नोंद लिव्ह, चुकलतो म्हणून. जुनी बदलायची कशाला?" 'काल माझी बेरीज चुकली. का: जेवायची घाई झालती,' अशी त्यांचीच एक नोंद मी वाचलेली आहे.

आक्का मूळच्या निपाणीच्या. आई विड्या वळायची, आणि वडील तिथल्या बुद्धविहारातल्या बैठकांची नोंदवही लिहायचे. "आमचे दादा बैठकीत च्या कुणी केला त्ये पण लिव्हायचे," हे आक्का फार अभिमानानं सांगायच्या. स्वतः आमच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या. आम्ही सगळे पदव्या घेऊन आलेले. तरी सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याकडे असायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मला थोडं वाटायचं. खरं ते सांगून टाकतो.

आता मिस्त्री. आमच्याकडे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे एक मिस्त्री होते, खानापूरकडचे. नमुन्याचा ठसा वाळूत उठवायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा. रस निवताना आकसतो, म्हणून नमुना मुळातच जरासा मोठा करावा लागतो. किती मोठा, ते पुस्तकात दिलेलं असतं. पण पुस्तकाप्रमाणं केलं तर पंपाचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, हमखास तिरकं निघायचं, आणि मिस्त्रींच्या अंदाजानं केलं की चोख. तो अंदाज त्यांच्या डोक्यात होता, दुसरीकडे कुठंही नव्हता. आमचे दोन इंजिनिअर वही घेऊन त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, "बगितलं की कळतंय." संपलं.

मग मालकांनी आक्कांना पाठवलं. जेवण झालं की आक्का खाली जायच्या, लाकडाच्या भुशात एक खोकं उपडं घालून त्यावर बसायच्या, मांडीवर लॅपटॉप. पहिले आठ दिवस त्यांनी काही विचारलंच नाही. नवव्या दिवशी मिस्त्रीच म्हणाले, "लिव्हणार न्हाईसा काय?" तिथून जवळजवळ वर्षभर हे चाललं. रोज एखादा आकडा आणि त्याचं कारण. त्या ब्रँचचं नाव आक्कांनी 'लाकूड' ठेवलं होतं. आत अशा नोंदी: 'पंपाच्या तोंडाला दीड मिलिमीटर ज्यादा दिलं. का: पावसाळ्यात वाळू वली असती, मिस्त्री म्हणतात लोखंड बिचकतंय.'

आणि एके दिवशी मिस्त्रींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. आता त्यांचं बोलणं तेवढं 'लाकूड'मध्ये उरलं.

आणि ते मी पुसलं.

झालं असं, की खंडेनवमी आली. आमच्याकडे आदल्या दिवशी सगळी मशीन धुऊन-पुसून घेतात, संध्याकाळी मेन स्विच बंद करतात, नवमीला सकाळी झेंडूच्या माळा घालून पूजा होते, आणि मग दसऱ्यापर्यंत यंत्राला कुणी हात लावत नाही. त्या वर्षी मालक वर येऊन म्हणाले, "तुम्ही नुसतं फडकं मारता. जरा आतनं पण साफ करा की." आक्का दोन दिवस रजेवर, आईला बरं नव्हतं म्हणून निपाणीला. मालकांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. मी घेतलं.

मी सर्व्हर उघडला. त्यासाठी लागणारा पासवर्ड आक्कांच्या की-बोर्डखाली चिठ्ठीवर होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सहा महिन्यांत हलल्या नाहीत त्या सगळ्या ब्रँचा पुसल्या. 'लाकूड' आठ महिने हललेली नव्हती, कारण सांगणारा माणूस अंथरुणावर होता. पण मी नाव वाचून पुढं गेलो, आत बघितलंसुद्धा नाही. मग प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या प्रती काढून सर्व्हरवरची नवी, स्वच्छ प्रत टाकली. आक्कांच्याही, ऑफिसात ठेवलेल्या त्यांच्या लॅपटॉपसकट. वर सर्व्हरला एक काम लावून दिलं, की रोज रात्री अकराला आत पडलेला बिननावाचा केर आपोआप कायमचा झाडून टाकायचा. बॅकअपची डिस्क तेव्हा दुरुस्तीला गेलेली होती. संध्याकाळी हात झटकले आणि खाली जाऊन झेंडूच्या माळा ओवायला बसलो. इतकं समाधान मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

नवमीला सकाळी आक्का निपाणीहून थेट पूजेला आल्या. त्या पूजा करत नसत, हळदकुंकू लावत नसत. पण दरवर्षी स्वच्छ फडकं घेऊन स्वतःचा की-बोर्ड एकेका बटणामागून पुसायच्या, आणि प्रसादाचे चिरमुरे वाटायला लागले की पहिला हात त्यांचाच. खालच्या भट्टीवाल्यांना याचं काही वाटत नसे. "आक्का, जरा ज्यादा घ्या," असं तेच म्हणायचे.

पूजा आटोपली आणि मालक म्हणाले, "पंपाची मोठी ऑर्डर आलीय. दसरा झाला की मिस्त्रींचे आकडे काढा. नमुने लगेच सुरू करायचे."

माझ्या हातातले चिरमुरे हातातच राहिले. 'लाकूड' हे नाव कुठं वाचलं होतं ते मला आठवलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. सर्व्हर जुना झाला होता, त्याच्यावर ढकलता आलं असतं; सर्व्हर काही बोलणार नव्हता. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला दोन-तीन मिनिटं राहिला. मग मिस्त्री आठवले. त्यांना तर आता बोलताच येत नव्हतं. मी आक्कांजवळ गेलो.

"आक्का, 'लाकूड' गेलं."

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "कुणी घालवलं?"

"मी. काल."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे हात बघितले. "त्यानंतर कशाला हात लावलास?"

"न्हाय. संध्याकाळी मेन बंद झाला." मग रात्री अकराच्या झाडलोटीचंही सांगितलं. आक्कांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"काल अकराला झालं त्ये?"

"कसं होईल? सर्व्हरच बंद होता. पूजेसाठी."

आक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "बघ, तुमच्या पूजेनं आख्ख्या कारखान्याला हातावर बसवलं."

मी म्हटलं, आत्ताच चालू करू या. त्यांनी मान हलवली. "आज न्हाय."

"आक्का, तुमी कुठं मानता हे?"

"मी न्हाय मानत. खालची माणसं मानत्यात. तेंच्या यंत्राला आज विश्रांती आणि आपलं तेवढं चालू करायचं, व्हय? आणि तुझं डोकं आज जाग्यावर न्हाय." मग मला पायरीवर शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं. ब्रँच पुसली म्हणजे तिचं नाव पुसलं जातं, नोंदी आतच पडून असतात. बिननावाचं जे असतं ते आज ना उद्या केरात धरलं जातं आणि झाडलं जातं. त्याच्या आधी त्याला पुन्हा नाव बांधायचं. "नाव बांधलं की ऱ्हातंय. येवढंच हाय बघ."

दसऱ्याला सकाळी आम्ही दोघं वर गेलो. आक्कांनी सर्व्हरवरच्या झेंडूच्या माळा काढून नीट बाजूला ठेवल्या, नेटवर्कची वायर उपसली आणि मगच बटण दाबलं. पहिलं काम म्हणजे माझी ती झाडलोट बंद केली. मग आख्ख्या डिस्कची दुसरी प्रत काढली, आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. जे काही करायचं ते त्या प्रतीवर. या सगळ्यात दोन तास गेले, आणि ते दोन तास मी कशावर बसलो होतो हे सांगायला नको.

त्यानंतर त्यांनी गिटला सांगितलं, बिननावाचं जे जे आत पडलंय ते दाखव. पडद्यावर नुसत्या अक्षरांच्या नि आकड्यांच्या ओळी आल्या. प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्यातरी पुसलेल्या माळेचं शेवटचं टोक. आक्का एकेक टोक उघडायला लागल्या. 'अपडेट'. 'फायनल'. 'नवीन फायनल'. "हे कुणाचं असंल?" "माझंच असेल आक्का." "आणि ह्ये काय हाय?" मला सांगता येईना. माझंच काम मला ओळखू येईना, तेही त्या बाईसमोर जिनं हे वर्षानुवर्षं बजावलं होतं. त्या मात्र काही टोचून बोलल्या नाहीत, आणि त्याचंच जास्त लागलं.

बारावं की तेरावं टोक उघडलं, आणि ओळ आली: 'फ्लायव्हीलच्या आऱ्यांना अर्धा कमी केला. का: मिस्त्री म्हणतात बारीक अंग आधी निवतंय, जाड अंग त्याला वडतंय.'

आक्का हसल्या. "आलं गा मिस्त्री." त्यांनी त्या टोकाला 'लाकूड' असं नाव बांधलं आणि मागची सगळी माळ एका झटक्यात जागेवर आली. वर्षभराची. मी हात काढले तर दोन्ही बधिर झाले होते. मला रडू आलं, ते मी हातांच्या मुंग्यांवर ढकललं.

पण एक नोंद नव्हती. मिस्त्रींना लकवा मारला त्याच्या आदल्या दिवशीची, पंपाच्या बुडाची. आक्कांनी ती लॅपटॉपवर केली होती, सर्व्हरवर पाठवायची राहिली होती. आणि लॅपटॉपवरचं सगळं काढून वर नवी प्रत मी टाकली होती. तिथंही त्यांनी शोधलं. मिळालं नाही.

"आकडा आठवतोय काय आक्का?"

"लिव्हलं म्हणून इसरले," त्या म्हणाल्या. "आता सांगणाऱ्याकडंच जाऊ या."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं खानापूरला आणि तिथून मिस्त्रींच्या गावी गेलो. ते पडवीत खाटेवर टेकून बसले होते. समोर भाताची शेतं, आणि नजर तिकडेच. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. मी काय केलं ते आक्कांनी मलाच सांगायला लावलं. मी सांगितलं. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून हात नुसता हलवला, माशी उडवल्यासारखा.

मग आक्का त्यांच्या खाटेशी बसल्या आणि लॅपटॉप उघडून पहिल्या नोंदीपासून वाचायला लागल्या. आधी मला वाटलं ही काय गरज आहे. पण त्या वाचत गेल्या आणि मिस्त्रींचा डावा हात मांडीवर ताल धरायला लागला. 'लोखंड बिचकतंय' हे ऐकून ते चक्क हसले, आवाज करून. त्यांची सून आतून धावत आली. लकवा मारल्यापासून त्यांचा हसण्याचा आवाज घरात कुणी ऐकलाच नव्हता. तिच्या हाताला पीठ होतं, तशीच उभी राहून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

वाचता वाचता आक्का त्या हरवलेल्या नोंदीपर्यंत आल्या आणि थांबल्या. "मिस्त्री, फुडचं बुडाचं होतं. ते ह्यानं घालवलंय." मग पिशवीतून स्टीलची पट्टी काढली. मिस्त्रींचीच पट्टी, कारखान्यातल्या नमुन्यांच्या खोलीतून मागून आणलेली. ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरून आक्का आपलं नख एकेका रेघेवरून पुढं सरकवू लागल्या. दोन. अडीच. तीन. मिस्त्रींनी डाव्या हातानं आक्कांचं बोट धरलं, थोडं मागं घेतलं, परत पुढं नेलं आणि दाबलं. तीनच्या पुढची अर्धी रेघ.

"साडेतीन?"

मिस्त्रींनी डोळे मिटून उघडले. आणि मग, कुणालाही वाटलं नव्हतं, त्यांच्या तोंडून आवाज आला. अर्धवट, जड. "व्ह... व्हय."

आक्कांनी तिथंच नोंद केली. 'बुडाला साडेतीन. का: मिस्त्रींनी डाव्या हातानं सांगितलं.' पंपाचं पहिलं घर त्याच आकड्यावर ओतलं. मापं घेतली तेव्हा खालचे सगळे गोळा झाले होते. चोख निघालं. आता मिस्त्री थोडंथोडं बोलतात, त्यांचा मुलगा फोनवर सांगतो. नातवाला शिव्या देण्याइतकं तर नक्कीच.

मालकांनी आक्कांकडे घडल्या प्रकाराचा लेखी अहवाल मागितला. तो त्यांनी लिहिला आणि छापून दिला. मला तो वाचायला मागायचं धाडस झालं नाही. मी रोज वाट बघायचो, आज बोलावतील, उद्या बोलावतील. आठवड्यानं मालकांनी बोलावलं आणि सर्व्हरचा पासवर्ड यापुढं तुझ्याकडे, असं सांगितलं. आक्का शेजारीच उभ्या होत्या, खाली बघत. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मी चूक कबूल केली, धावपळ केली, खानापूरला गेलो, त्याचं चीज झालं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई, आणला आणि सगळ्यांना वाटला. आक्कांनाही. त्यांनी खाल्ला आणि वर म्हणाल्या, "आणि वाईच घाल की."

पुढच्या वर्षी त्यांनी काम सोडलं. आई थकली होती, म्हणून निपाणीला राहायला गेल्या. तिथल्या एका शाळेत आता त्या मुलींना कॉम्प्युटर शिकवतात. जाताना त्यांनी कुणाला काही उपदेश केला नाही. फक्त खुर्चीवरची उशी घेऊन गेल्या.

त्यांचा कॉम्प्युटर बरेच दिवस तसाच होता. गेल्या महिन्यात तो पुसून दुसऱ्याला द्यायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. पुसण्याआधी आत बिननावाचं काही पडलंय का ते बघायचं, ही सवय आता मलाही लागली आहे. तिथं आक्कांची स्वतःची एक नोंदवही होती, गिटमध्येच ठेवलेली, आणि यातलं कधीही काही झाडू नकोस अशी सूचना त्यांनी तिला देऊन ठेवली होती. मी बघितलं. बिननावाची एकच नोंद निघाली.

ती त्या अहवालाची होती. आत माझं नाव होतं. मी कुणाला न विचारता सर्व्हर उघडला, आक्कांचा कॉम्प्युटर उघडला, आत न बघता ब्रँच पुसली. शब्द न् शब्द खरा. खाली ओळ: 'अहवाल लिहिला. का: मालकांनी मागितला म्हणून.'

पहिलीच्या जागी बसवलेली, नोंदवहीत वरवर दिसते ती नोंद वेगळी होती. वेळ बघितली, तर दोन्हींत वीस मिनिटांचं अंतर. तिच्यात माझं नाव कुठंच नव्हतं. सर्व्हर माझ्या ताब्यात असताना ब्रँच पुसली गेली, पासवर्ड चिठ्ठीवर ठेवला ही चूक माझी, जबाबदारी माझी, असं आक्कांनी लिहिलं होतं. आणि खाली: 'अहवाल बदलला. का: करणारा आपण होऊन सांगायला आला म्हणून.'

झालेली नोंद बदलायची नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या बाईनं एकदा बदलली होती. आणि पासवर्ड माझ्याकडे आला नव्हता, त्यांच्याकडून काढून घेतला होता. त्यावर मी कुंदा वाटला होता.

मी निपाणीला फोन लावला. मागं वर्गातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता.

"आक्का, बिननावाची एक नोंद सापडली. अहवालाची. पहिली."

त्यांनी आधी मुलींना जरा गप केलं. मग त्यांनी विचारलं, "हात लावलास तिला?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. कॉम्प्युटर पुसशील तवा जाईल ती."

"आक्का, मी तेव्हा कुंदा वाटला हो."

"बरा होता की. दोनदा घेतला मी," त्या म्हणाल्या, आणि कुठल्याशा मुलीला "आगं, हात काढ तिथनं" म्हणून फोन ठेवून दिला.

आक्कांचं मी पुष्कळ ऐकलं आहे. हे ऐकलं नाही. त्या पहिल्या नोंदीला मी नाव बांधलं. माझं स्वतःचं, वडिलांच्या नावासकट. मग ती सगळ्यांना दिसेल अशी सर्व्हरवर पाठवून दिली.

अकरा वाजत आले होते. जिन्यावर मालकांची पावलं वाजली, आणि दारातून त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "एन आयतु?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला, आणि हात मांड्यांखाली घेऊन बसलो.